नर्व्ह ब्लॉक (खुब्याच्या व पायाच्या फ्रॅक्चरसाठी)

मोडलेल्या हाडाकडून वेदना वाहून नेणाऱ्या नसांभोवती, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, बधिर करणारे औषध सोडण्याची पद्धत. रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो.

ठाण्यात नौपाड्यासारख्या भागातल्या बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीत आजी बाथरूममध्ये घसरून पडल्या, की आधी खुर्चीत बसवून जिना उतरवतात. मग स्ट्रेचर, मग एक्स-रेचे टेबल. दर वेळी मोडलेला खुबा हलतो. म्हणून ब्लॉकसाठी ऑपरेशनच्या दिवसाची वाट पाहू नये, तो कॅज्युअल्टीतच मिळायला हवा. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक औषधांनी वयस्कर माणसाला गुंगी येते, उलट्या होतात, भ्रम होऊ शकतो. डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला सोसत नाही. ब्लॉकने हालचालीच्या वेळचे दुखणे अर्ध्या तासात उतरते आणि भ्रमाचे प्रमाणही घटते, असे 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या) दिसले. पाठीत भूल देण्यासाठी रुग्णाला बसवणे किंवा कुशीवर वळवणेही मग सुसह्य होते.

सर्वाधिक रुळलेला प्रकार फॅशिया इलियाका ब्लॉक. सोनोग्राफीचा प्रोब जांघेत ठेवला की फिमोरल धमनीचे (मांडीच्या मुख्य धमनीचे) ठोके घेणारे काळे वर्तुळ दिसते. तिच्या बाहेरच्या बाजूला इलियाकस स्नायू आणि त्यावर चकाकती रेघ, तीच फॅशिया, म्हणजे स्नायूवरचा पातळ पडदा. सुई रेघेखाली गेली आणि औषध सुटले, की रेघ स्नायूपासून उचलली जाते. औषध पातळ पण भरपूर लागते, साधारण 30 ते 40 मिली. 2018 मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी मांडलेला पेंग ब्लॉक थेट सांध्याच्या आवरणाजवळ, 20 मिलीत होतो आणि मांडीची ताकद बरीचशी राखतो. घोट्याच्या फ्रॅक्चरला गुडघ्यामागे सायटिक नस बधिर करतात. नडगीचे हाड मोडले असेल तर मात्र अस्थितज्ज्ञांशी बोलूनच ब्लॉक द्यावा: स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढू लागला तर वाढते दुखणे हीच पहिली खूण असते, आणि ब्लॉकमुळे ती झाकली जाऊ शकते.

मात्रा वजनावर ठरते. ब्युपिवॅकेन हे बधिर करणारे औषध किलोमागे 2 मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. 45 किलोच्या आजींना 90 मिलिग्रॅम, म्हणजे 0.25 टक्क्यांचे 36 मिली, ही हद्द झाली. औषध रक्तात गेले तर ओठ बधिर होतात, कानात आवाज येतो, झटके येतात, हृदय थांबू शकते. त्यासाठी 20 टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचे स्निग्ध द्रावण) हाताशी हवेच. सहसा असे होत नाही, पण तयारीशिवाय ब्लॉक देऊ नये.

गर्भलिंगनिदानबंदीच्या 1994 च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, भूलतज्ज्ञ वापरतात त्याचीही. कायदा गरजेचाच आहे. पण ठाणे-नवी मुंबईत अनेक भूलतज्ज्ञ रोज या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये जातात, आणि पोर्टेबल मशीन तसे सोबत फिरवता येत नाही. जिथे मशीन नाही, तिथे सुई दोन पडद्यांतून पार होताना हाताला जाणवणाऱ्या दोन झटक्यांवर विसंबून, 1989 पासूनच्या जुन्या पद्धतीने ब्लॉक दिला जातो.