झी आणि जपमाळ: एक ताईत, एक साधन

मॅक्लोडगंजच्या किंवा लेहच्या बाजारात हमखास एक माळ पुढे केली जाते. 108 काळे-तपकिरी मणी, प्रत्येकावर पांढरे डोळे. विकणारा सांगतो, ही झीची जपमाळ आहे, जपही होईल आणि रक्षणही. आपल्याकडचे बरेच जण ती मोठ्या श्रद्धेने विकत घेतात, म्हणून हे नीट सांगावंसं वाटतं: तिबेटी परंपरेत झी आणि जपमाळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामागची श्रद्धाही निराळी आहे.

झी म्हणजे ताईत. बहुतेक वेळा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आरपार भोक पाडलेला अकीकाचा मणी. त्यावरचे गोल म्हणजे डोळे. एका डोळ्यापासून बारा डोळ्यांपर्यंतचे झी असतात आणि नऊ डोळ्यांच्या झीला सर्वांत मोठा मान. अस्सल जुना असा मणी घरात बहुधा एखादाच असतो, तो आईकडून मुलीकडे जातो, आणि दोन्ही बाजूंना पोवळी ओवून गळ्यात घालतात. ल्हासाच्या जोखांग मंदिरातल्या जोवो बुद्धमूर्तीच्या अलंकारांतही झी आहेत.

अभ्यासकांच्या मते अकीकावर क्षार लावून, भाजून या पांढऱ्या रेघा उमटवलेल्या असतात. अशी कला हडप्पाकाळापासून भारतीय उपखंडात होती. नागपूरजवळच्या माहुरझरीलाही रेघा उमटवलेले मणी सापडले आहेत. तिबेटी माणूस मात्र झी कुणी घडवला असं मानत नाही. शेत नांगरताना किंवा गुरं चारताना तो मातीत सापडतो. कुणी सांगतात की देवांचे दागिने होते, जरा डाग पडला म्हणून त्यांनी खाली टाकले. कुणी सांगतात की तो जिवंत किडा होता, माणसाचा हात लागताच दगड झाला. मला ही किड्याची गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण झीची सगळी ताकद तिच्यात सामावलेली आहे. दगडातच जीव आहे, म्हणून घालणाऱ्याने काही करायचं नसतं. ग्रहपीडा, पक्षाघात, वाईट नजर हे सगळं तो स्वतः अडवतो. तो तडकला, तर त्याने आपल्यावरचा घाव झेलला असं मानतात, आणि असा मणी मग पूर्वीइतका समर्थ राहत नाही.

जुना झी हातात घेतला तर कधी कधी त्याच्या अंगावर नखाएवढा खोलगट खड्डा दिसतो. तो औषधासाठी खरवडल्याचा. धरमशालेच्या मेन-त्सी-खांग या तिबेटी वैद्यकाच्या संस्थेत आजही बनणाऱ्या रत्नगोळ्यांपैकी (रत्नं-धातू घालून केलेल्या औषधी गोळ्या) रत्न साम्फेल या गोळीत सोनं, पोवळं, मोती यांच्याबरोबर शोधन केलेला झी असतो.

जपमाळेचं तसं नाही. तिबेटी तिला थ्रेंगवा म्हणतात. तिच्यातला मणी स्वतः काहीच करत नाही. करायचं ते जपणाऱ्याने. माळ बहुधा डाव्या हातात, तर्जनीवर ठेवून अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. (आपण जपात तर्जनी लावत नाही, म्हणून हे पाहताना थोडं चमकायला होतं.) 108 मण्यांचा एक फेरा झाला की जप 100 धरायचा, वरचे आठ चुकल्या-माकल्याची भरपाई. माळेला दहा-दहा बारीक मण्यांच्या दोन दोऱ्या लोंबतात, एकीच्या टोकाला वज्र, दुसरीच्या टोकाला घंटा. एका दोरीवर शेकडे, दुसरीवर हजार. साधनेच्या पूर्वतयारीत एकेक मंत्र लाखभर म्हणायचा असतो, तेव्हा या दोऱ्यांशिवाय हिशेब लागणार नाही.

माळेचा पदार्थ साधनेप्रमाणे ठरतो: शांतीसाठी स्फटिक किंवा शंख, वृद्धीसाठी सोनं-चांदी, वश करण्यासाठी पोवळं किंवा रक्तचंदन, उग्र देवतांसाठी हाड किंवा रुद्राक्ष. बोधीबीजाची माळ कशालाही चालते. माळेत फार तर खुणेचा मणी म्हणून एखादा झी ओवलेला दिसेल.

आता बाजारातल्या त्या माळेकडे वळू. त्यातले 108 मणी आजच्या कारखान्यातले असतात. जपाला ती अगदी योग्य आहे, कारण माळ नवी असली तरी जपात काही उणं येत नाही. पण झी म्हणून तिच्यासाठी जादा पैसे देऊ नका. तिबेटी माणसाच्या लेखी झीचं मोल तो जुना असण्यात आणि घडवलेला नसण्यात आहे. 'तीन डोळे म्हणजे पैसा, सहा म्हणजे अडचणी दूर' अशी छापील कार्डं सोबत मिळतात, ती बहुतांशी दुकानांनी रूढ केली आहेत. घरातली श्रद्धा एवढ्या फोडी करत नाही, तिला रक्षण हवं असतं.

माळेचा दोरा तुटला तर मणी गोळा करून पुन्हा ओवतात आणि जप पुढे चालू ठेवतात. झी तुटला तर दुसरा घालून ती जागा भरत नाही.