ॲक्टिव्ह प्लाझमॉनिक्समधला 'ॲक्टिव्ह' नेमका कोणता? थोडी पार्श्वभूमी

प्लाझमॉन म्हणजे धातूच्या पृष्ठभागावर प्रकाशासोबत डोलणारी इलेक्ट्रॉनची लाट, आणि प्लाझमॉनिक्स म्हणजे तिच्या जोरावर प्रकाश चालवायचं शास्त्र; सोन्याचे नॅनोकण लाल का दिसतात वगैरे बाकीचं इथं सांगत बसत नाही. १९०२ ला ग्रेटिंगच्या, म्हणजे बारीक समांतर रेघा ओढलेल्या पृष्ठभागाच्या, स्पेक्ट्रममध्ये न समजणारे काळे पट्टे दिसले, १९५७ ला थिअरी आली, १९६८ ला प्रिझम वापरून प्रकाश धातूच्या पृष्ठभागावर चढवायच्या दोन पद्धती निघाल्या, आणि मग बरीच वर्षं सगळा भर सेन्सरवर राहिला. लिक्विड क्रिस्टल लावून थोडेफार प्रयोग झाले, पण चिपच्या मापात प्रकाशाला हवं तेव्हा थांबव, हवं तेव्हा सोड असं करायचा विचार जोरात आला तो २००४ ला.

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे प्रकाश जायच्या सोन्याच्या वाटेत काही मायक्रॉनचा गॅलियमचा तुकडा बसवायचा आणि त्याची अवस्था बदलून सिग्नल कमीजास्त करायचा ही कल्पना, हिशोबासकट मांडलेली. गॅलियम २९.८ अंशाला वितळतो, म्हणजे आपल्या नाशिकच्या एप्रिलात टेबलावर ठेवला तरी पाणी होईल, त्यामुळे त्याची अवस्था बदलायला फार ताकद लागत नाही. दुसरी मला जास्त आवडते, पॉलिमरमध्ये सोन्याची बारीक पट्टी, त्याच पट्टीवरून प्रकाश जातो आणि तिच्यातूनच करंट सोडून ती तापवायची, म्हणजे भोवतालच्या पॉलिमरचे गुण बदलतात आणि प्रकाश कंट्रोल होतो, तेही १५५० नॅनोमीटरला, म्हणजे फायबरच्याच वेव्हलेंथला. वायर पण तीच आणि प्रकाशाचा रस्ता पण तोच!

आता खरा घोळ. कॉलेज रोडवर मी एमएस्सीच्या मुलांना शिकवतो, दरवर्षी कुणीतरी विचारतंच की सर, ॲक्टिव्ह म्हणजे लेझरसारखं का? चूक मुलांची नाही. लेझरवाल्यांच्या भाषेत ॲक्टिव्ह म्हणजे गेन, प्रकाश वाढवणारा माल. २००३ ला स्पेसरची, म्हणजे प्लाझमॉनच्या लेझरची, कल्पना आली, २००९ ला ४४ नॅनोमीटरच्या कणात, आत सोनं आणि बाहेर डाय (चमकणारा रंग) भरलेली सिलिका, तो करून दाखवल्याचा दावा झाला, आणि त्यालाही ॲक्टिव्ह प्लाझमॉनिक्सच म्हणायला लागले. २००४ वाल्यांचा अर्थ वेगळा होता, बाहेरून कंट्रोल करता येणं एवढाच. एक धातूत वाया जाणारा प्रकाश भरून काढतो, दुसरा प्रकाशाला वळण लावतो, आणि दोन्हींना मराठीत आपण 'सक्रिय' म्हणून मोकळे होतो. माझं स्पष्ट मत, कंट्रोलसाठी 'ट्यूनेबल' हाच शब्द धरायला हवा होता. या गोंधळामुळे गेन जमला नाही म्हणजे विषयच संपला असं बरेच जण धरून बसले.

तसं झालं नाही. २०१४ ला २९ मायक्रोमीटर लांबीचा मॉड्युलेटर, म्हणजे विजेचा सिग्नल प्रकाशावर चढवणारा भाग, सेकंदाला ४० गिगाबिटवर चालला, गेन न वापरता, कारण रस्ताच इतका छोटा ठेवला की प्रकाश मरायच्या आत बाहेर पडतो. २०१८ ला प्रकाश फिरवणारी छोटी रिंग लावून गरज नसेल तेव्हा प्रकाश धातूला टाळून बाहेरूनच काढून दिला.

राहिला धातूचा प्रश्न. चांदीत लॉस, म्हणजे प्रकाश वाया जाणं, सगळ्यात कमी पण ती काळी पडते, हे सराफ बाजारातलं कुणीही सांगेल. सोनं टिकतं पण सिलिकॉनला नासवतं म्हणून चिपच्या कारखान्यात त्याला येऊ देत नाहीत. म्हणून आता तांब्यावर काम चाललंय, आपल्या भांडी बाजारातल्याच तांब्यावर, फक्त पट्टी नॅनोमीटरमध्ये मोजायची.