यूपीएसच्या खोक्यावरचा आकडा आणि बॅटरीतली वीज

घरगुती यूपीएसच्या खोक्यावर ‘६०० व्हीए’ (व्होल्ट-अँपिअर) असा ठळक आकडा छापलेला असतो आणि दुकानात गेलेल्या माणसाला साहजिकच वाटते, की १००० व्हीएचा घेतला तर वीज गेल्यावर संगणक जास्त वेळ चालेल. प्रत्यक्षात हा आकडा वेळेविषयी काहीच सांगत नाही. यूपीएस एका वेळी किती भार पेलेल एवढेच त्यावरून कळते. तो भार किती वेळ पेलेल हे आतल्या बॅटरीवर ठरते. शिवाय व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसची खरी क्षमता बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते, म्हणून वॅटचा आकडा वेगळा विचारून घ्यावा.

वेळेचा हिशेब वॅट-अवरमध्ये, म्हणजे वॅट गुणिले तास असा करायचा असतो. अशा यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची शिसे-आम्ल बॅटरी असते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार ८४ वॅट-अवर. पडद्यासह १२० वॅट घेणारा संगणक त्यावर कागदोपत्री ४२ मिनिटे चालायला हवा, पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद पडतो. याची कारणे दोन. बॅटरीतल्या एकदिश (डीसी) विजेचे घरात वापरतो त्या प्रत्यावर्ती (एसी) विजेत रूपांतर होताना काही वीज उष्णतेत जाते, हे एक. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे: ७ अँपिअर-अवर ही क्षमता बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली, म्हणजे जेमतेम ०.३५ अँपिअर प्रवाह घेतला, तरच मिळते. संगणक तिच्याकडून बारा अँपिअरच्या आसपास प्रवाह मागतो, आणि शिशाच्या पट्ट्यांपर्यंत आम्ल त्या वेगाने पोहोचू शकत नाही, त्यामुळे आतली बरीच वीज वापरात येण्यापूर्वीच व्होल्टेज कोसळते. प्रवाह वाढला की उपयोगी क्षमता घटते, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला. म्हणूनच संगणकाचा यूपीएस काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरता आहे, असे मानूनच तो घ्यावा.

तासन् तास वीज जाते तिथे इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर (नळीच्या आकाराच्या पट्ट्यांची) शिसे-आम्ल बॅटरी लागते. पंखा ७५, लॅपटॉप ६०, दोन दिवे २० आणि राउटर १० वॅट धरला, तर ती सहा-सात तास पुरते. जुन्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा लावला, तर त्याच बॅटरीवर आणखी दोन-तीन तास मिळतात. मोठी बॅटरी घेण्यापूर्वी भार कमी करून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

इन्व्हर्टर संगणकालाही चालतो का, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झ विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते आणि संगणकाच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) वीज गेल्यावर साधारण तेवढाच काळ, किंवा त्याहून थोडा कमी, तग धरतात. यूपीएस दहा मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर येतो. इन्व्हर्टरला साध्या मोडमध्ये त्याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून अनेक इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चे बटण दिलेले असते. मात्र त्या मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या आसपास उतरले तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. ज्या गावात संध्याकाळी १७० व्होल्टच मिळतात, तिथे वीज असूनही बॅटरी रिकामी होत राहते. इन्व्हर्टरमधून येणाऱ्या विजेच्या लहरीच्या आकाराबाबतही काटकसर करू नये: चौकोनी लहरीवर पंखा गुणगुणतो आणि मोटर तापते, म्हणून शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणाराच इन्व्हर्टर घ्यावा.

फक्त इंटरनेट चालू राहावे एवढीच गरज असेल, तर यांपैकी कशाचीच आवश्यकता नाही. राउटर १२ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतो आणि जेमतेम ८ वॅट घेतो. त्यासाठी बॅटरीतली वीज आधी २३० व्होल्टपर्यंत चढवायची आणि अडॅप्टरने पुन्हा १२ वर उतरवायची, हा उलटा प्रवास आहे. मोठा इन्व्हर्टर तर स्वतः चालू राहण्यासाठीच राउटरपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. लिथियम पेशींचा छोटा डीसी यूपीएस इथे उत्तम. त्यावर ६००० मिलिअँपिअर-अवर लिहिले असेल, तर ते बहुधा ३.७ व्होल्टच्या पेशींचे असते. म्हणजे वीज ७२ नव्हे, तर २२ वॅट-अवर, आणि राउटर दोन-अडीच तास चालेल. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्टेज आणि पिनचे धन-ऋण टोक जुळते का, ते पाहावे. फायबर इंटरनेटची पेटी राउटरपासून वेगळी असेल, तर तिलाही वीज लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

बॅटरीला सर्वांत जास्त त्रास होतो तो उन्हाचा. तापमान दर १० अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, त्यामुळे नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ती पश्चिमेच्या गॅलरीत ठेवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. बंद कपाटही नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. दर तीन महिन्यांनी यूपीएसच्या सॉकेटचे बटण बंद करून तो किती मिनिटे टिकतो, ते घड्याळावर मोजावे. प्लग उपटू नये, कारण त्याने अर्थिंगही तुटते. पहिल्या दिवशीच्या तुलनेत वेळ निम्म्यावर आली की बॅटरी बदलावी आणि जुनी दुकानदाराकडे परत करावी, कारण तिच्यातले शिसे पुन्हा वापरता येते.