कॅमेऱ्याच्या डोक्यावरची दुसरी खिडकी

माझ्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर २१ मिमीची लेन्स लावली (हा आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद) की त्याच्या डोक्यावर एक तुरा चढवावा लागतो. अंगठ्याच्या पेराएवढी काचेची नळी, फ्लॅशच्या खाचेत सरकवलेली. बघणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: "कॅमेऱ्याला खिडकी आहे की! मग वर ही दुसरी कशाला?" खाचेत काहीतरी असावं म्हणून, असं गमतीने सांगून मी सुटतो. खरं उत्तर जरा लांबचं आहे.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही. बघायची खिडकी वेगळी असते आणि तिच्यापासून काही सेंटिमीटरवर आणखी एक छोटी खिडकी असते. दोन्हींतून आलेली दृश्यं मधोमध एकावर एक दिसतात. लेन्सचं कडं फिरवून ती जुळवली की फोकस झाला. जमीन मोजणारा जसा दोन ठिकाणांहून कोन घेऊन अंतर काढतो, तसाच हा त्रिकोण आहे, फक्त तळहातावर मावणारा. त्याची अचूकता दोन गोष्टींवर ठरते: दोन खिडक्यांमधलं अंतर आणि खिडकीतून दृश्य किती मोठं दिसतं ते. लायका या जर्मन कंपनीच्या १९५४ सालच्या एम३ कॅमेऱ्यात हे अंतर सुमारे ६९ मिमी आणि विवर्धन ०.९१ पट. गुणाकार साधारण ६३ मिमी, म्हणजे ९० किंवा १३५ मिमीच्या लेन्सनेही डोळ्याच्या पापणीवर फोकस बसावा इतकं काटेकोर मोजमाप.

गोम इथेच आहे. दृश्य जवळपास मूळ आकाराचं दाखवायचं तर खिडकीत मावणार तरी किती? फोटोत काय येणार याची हद्द खिडकीतली एक चौकट दाखवते. एम३ मध्ये सगळ्यात रुंद चौकट ५० मिमीची, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४७ अंशांची. पुढच्या एम२ ने विवर्धन ०.७२ वर आणलं, तेव्हा ३५ मिमीची चौकट आत आली. त्याच ०.७२ मध्ये पुढे २८ मिमीचीही बसवली गेली, पण चष्मा लावणाऱ्याला तिच्या कडा बघायला डोळा इकडेतिकडे फिरवावा लागतो. २१ मिमीला लागतात ९२ अंश. ते सुखाने दिसायचे तर विवर्धन जवळपास निम्म्यावर आणायला हवं, आणि मग त्या ६९ मिमीचा उपयोगही निम्मा होतो. जवळचं नेमकं मोजणं आणि दूरवर पसरलेलं बघणं या एका म्यानातल्या दोन तलवारी आहेत. कोसिना या जपानी कंपनीने फोइक्टलेंडर नावाने काढलेल्या बेसा-आर४ कॅमेऱ्यात ०.५२ विवर्धन ठेवून २१ मिमीची चौकट आत बसवून दाखवली खरी, पण तिथे ९० मिमीची चौकट नाहीच.

म्हणून दुसरी खिडकी. तिच्यातलं प्रकाशशास्त्र जुनं आहे. गॅलिलिओच्या दुर्बिणीत पुढे बहिर्वक्र भिंग आणि डोळ्यापाशी अंतर्वक्र भिंग असतं. ती उलटी धरली की सगळं लहान, लांब आणि भरपूर दिसतं, आणि तेही सुलटं. फ्लॅटच्या दाराला बेल वाजवणाऱ्याचा चेहरा बघायला जे भिंग बसवतात, ते याच कुळातलं. साधा व्ह्यूफाइंडर, म्हणजे फोटोची चौकट बघायची खिडकी, ही हीच उलटी दुर्बीण.

पण साध्या नळीत एक अडचण येते. समोरचं दृश्य लांब आणि नळीची कड डोळ्याजवळ, त्यामुळे कड धूसर दिसते. शिवाय डोळा जरासा सरकवला की कडेचं झाड चौकटीत येतं नाहीतर बाहेर जातं. चौकटच अशी डोळ्यावर अवलंबून असेल तर रचना ठरवायची कशाच्या भरवशावर? व्हान अल्बाडा या डच माणसाने यावर काढलेला तोडगा मला अजूनही जादूसारखा वाटतो. चौकट डोळ्याजवळच्या भिंगाभोवती आखायची, तोंड पुढच्या बाजूला. पुढच्या भिंगाच्या आतल्या अंतर्वक्र पृष्ठभागाला पातळसा चंदेरी मुलामा द्यायचा. दृश्य त्यातून आरपार येतं, आणि चौकटीवर पडलेला उजेड मात्र त्या आरशावर आपटून परत डोळ्याकडे येतो. चौकट आरशाच्या नाभीवर ठेवली की परतणारे किरण समांतर होतात, म्हणजे ती चौकट अनंत अंतरावर असल्यासारखी दिसते. आता डोळा हलला तरी ती दृश्याला चिकटलेली राहते, आणि डोळ्याला जवळ-लांब असा फोकस बदलावा लागत नाही. पुढे आलेले उजळ चौकटीचे फाइंडर याच कल्पनेचे वारस. लायकाचा ५० मिमीसाठीचा असा फाइंडर मूळ आकारातच दृश्य दाखवतो. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर रस्त्यावर, हवेत एक पांढरा आयत तरंगताना दिसतो. एकदा तरी हातात घेऊन बघावा असा.

आता फोकसचं काय? वरच्या खिडकीत तो दिसतच नाही. खालच्या खिडकीत प्रतिमा जुळवायची आणि मग डोळा वर न्यायचा, ही पुस्तकी पद्धत. प्रत्यक्षात बहुतेक जण खाली बघतच नाहीत, कारण लेन्सच उदार असते. २१ मिमीच्या लेन्सचं छिद्र एफ/८ इतकं बारीक ठेवा, अंतर १.८ मीटरवर लावा. ३५ मिमी फिल्मसाठी ०.०३ मिमीची धूसरता चालवून घेतली, तर साधारण ९० सेंमीपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. ५० मिमीला एवढीच ढिलाई हवी असेल तर लेन्स १० मीटरवर लावावी लागते, आणि ५ मीटरच्या अलीकडचं हातचं जातं.

तरीही ही खिडकी लबाड आहे. ती लेन्सच्या सुमारे ६ सेंमी वर बसते. ५ मीटरवरच्या भिंतीचा पावणेसहा मीटर उंचीचा भाग २१ मिमीच्या आडव्या फोटोत येतो, तिथे ६ सेंमी म्हणजे जेमतेम एक टक्का. पण रुंद लेन्सवाला मुळातच जवळ घुसणारा प्राणी. एक मीटरवर हाच फरक पाच टक्के होतो, आणि डोक्यावर मोकळी जागा ठेवली अशा समजुतीत आपण केस कापून आणतो. काही फाइंडरांत जवळच्या अंतरासाठी वेगळी खूण असते, काही खाली झुकवता येतात. त्याने चौकट सुधारते, दृष्टिकोन नाही. पुढच्या खांबाचं टोक मागच्या कमानीच्या माथ्याला नेमकं टेकवलं असेल, तर लेन्स ते सहा सेंटिमीटर खालून बघत असते. त्यावर झुकवण्याचा इलाज चालत नाही, कॅमेराच तेवढा वर उचलावा लागतो.

दुसरी लबाडी सरळ रेषांची. उलट्या दुर्बिणीत कडेच्या भिंती पिंपासारख्या फुगतात, आणि नवखा माणूस लेन्सलाच दोष देतो. फिल्मवर मात्र त्या रेषा ताठ येतात. लुडविग बेर्टेले यांनी झाइस या जर्मन कंपनीसाठी आखलेली २१ मिमीची बायोगॉन १९५४ मध्ये कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी आली. तिची रचना जवळजवळ सममित आहे, पुढे-मागे सारखी, म्हणून एका बाजूचा वाकडेपणा दुसरी बाजू फेडते. त्यासाठी मागची काच फिल्मच्या अगदी जवळ न्यावी लागते, आणि रेंजफाइंडरमध्ये वाटेत आरसा नसल्याने ते जमतं. एसएलआरवाल्यांनी, म्हणजे आत आरसा बसवून लेन्समधूनच बघायला देणारे कॅमेरे करणाऱ्यांनी, असल्या लेन्सच्या मोहापायी काय केलं पाहा: निकॉन एफसाठी १९५९ मध्ये निघालेली २१ मिमी लेन्स लावायची तर आरसा वर उचलून अडकवून ठेवायचा. म्हणजे एसएलआर आंधळा! मग त्याच्याही डोक्यावर हाच तुरा.

१९९९ मध्ये कोसिनाने हा विचार टोकाला नेला. त्यांच्या बेसा-एल कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर नाही आणि रेंजफाइंडरही नाही. त्यासोबत निघालेली १५ मिमी लेन्स ११० अंश बघते, आणि एफ/८ वर अंदाजे अर्ध्या मीटरपासून पुढे सगळं पकडते. जुळवायचं काही उरलंच नाही, तर जुळवणारी यंत्रणा कशाला? उजेड मोजणाऱ्या मीटरचे छोटे दिवे मात्र त्यांनी कॅमेऱ्याच्या पाठीवर, वरच्या कडेला ठेवले, म्हणजे डोळा तुऱ्याला लावलेला असतानाही ते नजरेच्या कोपऱ्यात येतात.

माझ्या कॅमेऱ्याला मीटरही नाही. वरच्या खिडकीत सगळं लख्ख दिसत होतं, म्हणून एका सकाळी मी २६ फोटो लेन्सवरचं झाकण न काढताच घेतले.