जात्यावरचा हात, नव्वदीची मूठ

नाशिकला गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी सहाला गेलं की बाकावरून एक वाक्य हमखास कानावर येतं : "आमच्या आईच्या वेळची माणसं म्हणजे लोखंड!" बोलणारे स्वतः पंच्याऐंशीच्या घरातले. माझी आत्याही त्यांतलीच. आजी सप्तशृंगीच्या पाचशेच्या आसपास पायऱ्या अनवाणी चढायची, हे ती दर चैत्रात सांगते. ती स्वतः गडावर २०१८ साली सुरू झालेल्या फ्युनिक्युलर ट्रॉलीने जाते. पण आजी बासष्टाव्या वर्षी गेली आणि आत्या आज शहाऐंशीची आहे. एकाच वयाच्या दोघींची तुलना आपण कधी केलेलीच नसते.

अशी तुलना डेन्मार्कमध्ये झाली. १९०५ साली जन्मलेल्यांना १९९८ मध्ये तपासलं, तेव्हा ते त्र्याण्णवच्या आसपास होते. १९१५ साली जन्मलेल्यांना २०१० मध्ये तपासलं, तेव्हा ते पंच्याण्णवच्या आसपास. दोन वर्षांनी मोठे असूनही नंतरच्या पिढीची बुद्धी अधिक तल्लख होती, रोजची कामंही त्यांना जास्त जमत होती. मात्र हाताची पकड, खुर्चीवरून उठणं, चालण्याचा वेग यांत ठाम फरक दिसला नाही. फिनलंडमधल्या युव्हास्कुला शहरात १९८९-९० आणि २०१७-१८ मधल्या ७५ आणि ८० वर्षांच्या लोकांची तुलना झाली, तिथे चित्र वेगळं निघालं. नंतरच्यांची पकड ५ ते २५ टक्क्यांनी जास्त होती, चालही भरभर होती.

ऐंशीला दिसणारी बढत नव्वदीपुढे का विरते? पहिलं कारण पोहोचणाऱ्यांच्या संख्येत आहे. डेन्मार्कच्या १९१५ च्या पिढीत जन्मापासून त्र्याण्णवपर्यंत पोहोचण्याची शक्यता आधीच्या पिढीपेक्षा २८ टक्क्यांनी जास्त होती. पूर्वी जे गळाले असते तेही आता तिथवर येतात, अशक्त शरीर घेऊन येतात. आपल्याकडे ही चाळण फार कडक होती. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतातलं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, तेही मुख्यतः बालमृत्यूंमुळे. प्लेग, पटकी, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांतून जे उरले, तेवढेच आपल्या आठवणीत 'लोखंडी' म्हणून राहिले.

दुसरं कारण घरात आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचं वाटतं. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, पंगतही जमिनीवर. आजी दिवसातून पन्नासदा उकिडवी बसून उठत असेल. पिठाची गिरणी आली, ओटा आला, कमोड आला, आणि ही उठबस संपली. वेगळा व्यायाम म्हणून ती कुणी कधी केलीच नव्हती, त्यामुळे ती गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. ओट्या-कमोडमुळे वयस्करांना स्वतःचं स्वतः करता येतं, हा फायदा खरा आहे. मांड्यांची ताकद मात्र त्याने वाढत नाही.

आत्याची पिढी बसून वाढली, असंही नाही. १९७२ च्या दुष्काळात ती सिन्नरकडे खडी फोडायला जायची. मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ), एवढ्यावर दिवस काढायची. एवढे कष्ट आणि त्यावर अपुरं अन्न, याने शरीर कमावलं जातं की झिजतं? माझ्या मते दोन्ही होतं, आणि तिच्या गुडघ्यांत ते दिसतं.

देशपातळीवर पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी २०१७-१८ मध्ये 'लासी' या वृद्धत्वाच्या दीर्घकालीन सर्वेक्षणात सुरू झाली. त्यात पकड, तोल आणि चाल प्रत्यक्ष मोजली. तेव्हा साठीत असलेले २०४७ च्या सुमाराला नव्वदीत असतील, तेव्हा ताडून पाहायला हे आकडे हाताशी असतील.

परवा मी आत्याला छातीवर हात बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगितलं. चौथ्यांदा गुडघा कटकन वाजला, पण ती थांबली नाही. १९ सेकंद लागले. मी वहीत तारीख घालून लिहिलं. खाली आजीसाठी एक ओळ सोडायची होती, पण तिथे लिहायला माझ्याकडे आकडा नव्हता.