मुंबई–लंडन हवाई अंतर व प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यातील किमान हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी (जवळपास ३,९०० सागरी मैल) आहे. थेट विमानाला लंडनला जाताना साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात, परतताना नऊच्या आसपास.

हे अंतर बृहत्‌वृत्तावर, म्हणजे पृथ्वीगोलावरच्या दोन ठिकाणांमधल्या सर्वांत जवळच्या वाटेवर, मोजलेले असते. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर (गोल पृथ्वी सपाट चौकोनात पसरून दाखवणाऱ्या) दोन शहरांमध्ये पट्टी ठेवली, तर रेषा इराक, सीरिया, तुर्कस्तान अशी जाते आणि तीच सरळ वाट वाटते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला की वेगळेच दिसते. दोरा कच्छवरून जवळजवळ कराचीच्या डोक्यावर येतो, पुढे इराण, जॉर्जिया, क्रिमिया, युक्रेन आणि जर्मनी. पट्टीच्या रेषेपेक्षा ही वाट जवळपास २०० किमीने कमी भरते.

मात्र विमान या दोऱ्यावरून उडेलच असे नाही. युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाली. पाकिस्तानने आपली हद्द २०१९ मध्ये काही महिने बंद ठेवली होती. एप्रिल २०२५ मध्ये ती भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली. अशा वेळी मुंबईहून निघालेले विमान अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकून मग उत्तरेकडे वळते. दिल्लीच्या मानाने मुंबईला हा वळसा कमी पडतो, कारण समुद्र दारातच आहे.

जाण्यायेण्याच्या वेळेत फरक पडतो तो मुख्यतः वाऱ्यामुळे. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जेट स्ट्रीम हिवाळ्यात विशेष जोरात असते. ताशी ९०० किमी वेगाच्या विमानाला सरासरी ५० किमीचा वारा समोरून लागला, तर जमिनीवरून मोजलेला वेग ८५० उरतो. तोच पाठीशी असला तर ९५० होतो. एवढ्यानेच पाऊण तासाहून अधिक फरक पडतो.

वेळापत्रकात छापलेली वेळ ही निव्वळ उड्डाणाची नसते. विमान थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला थांब्यावर उभे राहीपर्यंतचा हा काळ. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि उड्डाणासाठी रांग लागते. हीथ्रोजवळ गर्दी असली की विमानांना बोव्हिंगडन, लॅम्बॉर्न, ऑकम किंवा बिगिन या ठरलेल्या जागी घिरट्या घालत थांबवतात. खिडकीतून तेच शेत दुसऱ्यांदा दिसले, तर समजावे की आपण रांगेत आहोत. कंपन्या हा खोळंबा आधीच वेळापत्रकात धरतात. म्हणूनच उशिरा सुटलेले विमानही कधीकधी वेळेवर टेकते.

या मार्गावर एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले. ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला पोहोचले.

तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, हे पहिल्यांदा जाणाऱ्याच्या घरी हमखास विसरले जाते. भारतीय घड्याळ लंडनच्या पुढे, हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार. जूनमध्ये दुपारी एकला निघून संध्याकाळी सहाला पोहोचणारे विमान पाच नव्हे, साडेनऊ तास घेते. मुलगा पोहोचल्याचा फोन यायचा तो मुंबईत रात्री साडेदहानंतरच.