लेखक आणि निवेदक : गोष्ट लिहिणारा कोण, सांगणारा कोण?

नववी-दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास सापडतं : ‘लेखक म्हणतो की…’ धडा आत्मकथनाचा असो, कथा असो की कादंबरीतला उतारा, त्यात बोलणारा प्रत्येक जण मुलांच्या लेखी लेखकच असतो. कवितेच्या रसग्रहणात तर ‘कवी म्हणतो’ ही सुरुवात जणू ठरूनच गेली आहे. ही सवय सुटणं मला शाळेतल्या साहित्यशिक्षणात फार महत्त्वाचं वाटतं. अलंकार आज ओळखता आले नाहीत तर उद्या येतील. पण लिहिणारा आणि सांगणारा एकच, असं मानणारा वाचक गोष्टीतल्या प्रत्येक मताला लेखकाचं मत समजतो. मग कथा वाचून तो फक्त तात्पर्य काढतो, आणि पात्राने खोटं बोलावं, चुकावं, स्वतःची फसवणूक करावी, ही साहित्यातली सगळी गंमत त्याच्या हातून निसटते.

लेखक म्हणजे हाडामांसाचा माणूस. त्याला गाव असतं, जन्मसाल असतं, त्याने आणखीही पुस्तकं लिहिलेली असू शकतात. निवेदक म्हणजे त्या कथेत गोष्ट सांगणारा आवाज. त्याला नाव असेल किंवा नसेल, पण तो लेखकाने घडवलेला असतो. त्याचं वय, त्याची भाषा, त्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे सगळं लेखक ठरवतो.

एवढं फळ्यावर लिहून काम भागत नाही. मुलं व्याख्या पाठ करतात आणि पुढच्याच उत्तरात पुन्हा ‘लेखक म्हणतो’ लिहितात. फरक कानाला ऐकू यावा लागतो, आणि त्यासाठी मला संत एकनाथांच्या ‘सत्वर पाव गे मला’ या भारुडाइतकं चांगलं साधन दुसरं दिसत नाही. त्यातली सून भवानी आईला रोडगा कबूल करते आणि एकेक मागणं मागत जाते. ‘सासरा माझा गावी गेला, तिकडेच खपवी त्याला.’ मग सासू, जाऊ, नणंदेचं कार्टं. दादलाही सुटत नाही. वर्ग हसतो. ते हसू ओसरायच्या आत विचारावं : सोळाव्या शतकातले पैठणचे एकनाथ महाराज आपला सासरा मरावा म्हणून नवस बोलतायत का? एकही हात वर होत नाही. बोलणारी ती सून आहे आणि लिहिणारे नाथ आहेत, हे मुलांना न शिकवताच कळलेलं असतं. आपण फक्त त्याला नाव द्यायचं.

पण भारुडाचं खरं मोल शेवटच्या चरणात आहे : ‘एका जनार्दनी सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे मला.’ इथे ‘एका जनार्दनी’ ही नाथांची नाममुद्रा आहे, म्हणजे कवीने केलेली सही. तिच्यात त्यांच्या गुरूंचंही नाव आलं. आणि लगेच पुढे ‘एकटीच’ आहे, ‘एकटाच’ नाही. सही नाथांची आणि मागणं सुनेचं. सून सासरच्या जाचातून सुटका मागते आहे आणि तिच्याच शब्दांत नाथ ‘मी-माझे’च्या गोतावळ्यातून सुटका मागतायत. फक्त सून ऐकू आली तर हे घरातल्या भांडणाचं गाणं होतं, फक्त नाथ ऐकू आले तर कीर्तनातला बोध होतो. दोघं एकदम ऐकू येतात तेव्हा भारूड उमगतं. ‘घनु वाजे घुणघुणा’सारख्या ज्ञानेश्वरांच्या विराण्यांतही बोलणारी विरहिणीच आहे. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच असला पाहिजे, हा समज आपल्या जुन्या कवितेनेच कधीचा खोटा ठरवलेला आहे.

गद्यात हा फरक ओळखणं अवघड जातं, कारण तिथे नाममुद्रा नसते. म्हणून सुरुवातीला अशी उदाहरणं घ्यावीत जिथे लेखक आणि निवेदक यांच्यात उघड अंतर आहे. हरी नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. लिहिणारा पुण्यातला शिकलेला पुरुष; सांगणारी यमू, जिला वैधव्य येतं आणि जिचं सक्तीने केशवपन होतं. आपट्यांना विधवांच्या छळाविषयी निबंध लिहिता आला असता. त्याऐवजी त्यांनी स्वतःचा आवाज बाजूला ठेवला आणि यमूला आपली हकिकत सांगू दिली. वर्गात विचारायचा प्रश्न हाच : यमूऐवजी तिच्या नवऱ्याने ही गोष्ट सांगितली असती तर त्यातलं काय गेलं असतं? मुलं भराभर सांगतात की माजघर गेलं असतं, बायकांची आपसातली बोलणी गेली असती, तिच्या मनातली भीती गेली असती. पुस्तकातला कुठलाही प्रसंग न बदलता, केवळ सांगणारा बदलला म्हणून एवढं सगळं जातं, हे मुलांच्या तोंडून येतं. साहित्याचं विश्लेषण म्हणतात ते यापेक्षा वेगळं काही नसतं.

वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’मध्ये (1959) तर ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघं आपापली बाजू सांगतात, तिघंही ‘मी’ म्हणूनच. हे तिन्ही ‘मी’ म्हणजे खांडेकर असं कुठल्याही मुलाला म्हणता येत नाही. शर्मिष्ठेविषयी देवयानी काय सांगते आणि शर्मिष्ठा स्वतःविषयी काय सांगते, असे दोन छोटे उतारे समोरासमोर ठेवावेत. यातलं खरं कोणाचं, यावर वर्गात वाद होतो. तो होऊ द्यावा, निकाल देण्याची घाई करू नये. निवेदकावर किती विश्वास ठेवायचा हे वाचकाने ठरवायचं असतं, ही गोष्ट वाद घालतानाच अंगी मुरते.

आता दुसरी बाजू. मुलांचा गोंधळ हा त्यांचा आळस नाही. पाठ्यपुस्तकात कथेच्या शेजारीच आत्मकथन, प्रवासवर्णन आणि ललितलेख असतात, आणि तिथे ‘मी’ म्हणजे खरोखर लेखकच असतो. अशा लेखनावर ‘निवेदक’ हा शब्द ओढूनताणून लादू नये. तिथे ‘लेखक म्हणतो’ बरोबरच आहे. अडचण सीमेवरच्या पुस्तकांची आहे. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातल्या आठवणी त्यांच्या कोकणातल्या बालपणाच्याच, म्हणून मुलं श्याम म्हणजेच साने गुरुजी असं धरून चालतात. पण पुस्तकात श्याम रोज रात्री आश्रमातल्या सोबत्यांना आठवणी सांगतो आणि तो सांगतोय हे सांगणारा आणखी एक आवाज बाहेर आहे. श्यामचा गळा दाटून आला, ऐकणारे गप्प झाले, हे श्याम स्वतः कसं सांगेल? गुरुजींनी आठवणी आपल्याच घेतल्या, पण त्या ऐकायला माणसं बसवली आणि त्या माणसांत वाचकालाही जागा दिली.

दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) याहून धीट आहे. ते आत्मकथन आहे, पण त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. नावं दोन, आयुष्य एक. वाढलेल्या, शिकलेल्या, लिहू लागलेल्या माणसासमोर त्याचंच मागे राहिलेलं नाव बोलायला बसतं. जिथे लेखक आणि ‘मी’ एकच असायला हवेत तिथेही एका लेखकाला त्यांच्यात अंतर ठेवावंसं वाटलं, हे अकरावी-बारावीच्या मुलांपर्यंत जरूर पोचवावं. दहावीला घाई नको.

राहिला तृतीयपुरुषी निवेदक. ‘मी’ दिसला नाही की मुलांना वाटतं, इथे निवेदकच नाही. यासाठी चिऊ-काऊच्या गोष्टीचा सराव करून घ्यावा. एका गटाने ती कावळ्याच्या तोंडून लिहायची. त्याचं शेणाचं घर वाहून गेलंय, तो पावसात उभा आहे आणि बंद दाराआडून ऐकू येतंय, ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते.’ दाराच्या आतलं त्याला दिसत नाही. बाळाची अंघोळ खरीच चालली आहे की ती नुसती सबब, हे त्याला कळायला मार्ग नाही, आणि लिहिणाऱ्या मुलानेही ते लिहायचं नाही. दुसऱ्या गटाने चिमणीकडून लिहायची. तिला बाहेरचा कावळा किती भिजलाय ते ठाऊक नाही. आपण लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत मात्र दोन्ही घरांतलं सगळं कळत होतं. ते सांगणारा आवाज कुठे उभा होता? दाराच्या दोन्ही बाजूंना. तृतीयपुरुषी सर्वज्ञ निवेदक म्हणजे काय, हे त्यानंतर निराळं शिकवावं लागत नाही.

उत्तर लिहिताना क्रियापदांकडे लक्ष द्यायला सांगावं. पाहणं, आठवणं, घाबरणं, लपवणं, चिडणं ही कामं निवेदकाची. निवडणं, योजणं, वगळणं, क्रम लावणं ही लेखकाची. ‘लेखिकेला सासूचा राग येतो’ असं कथेवरच्या स्वमतात आलं तर ते खोडून इतकंच करून घ्यावं : ‘निवेदक असलेल्या सुनेला सासूचा राग येतो, पण सासू रात्री एकटी जेवते हा प्रसंग लेखिकेने मध्ये घातल्यामुळे वाचकाला सासूचीही कीव येते.’ पहिल्या वाक्यात गोष्टीचा नुसता सारांश होता. दुसऱ्यात सुनेला जे कळलेलं नाही ते वाचणाऱ्या मुलाला कळलेलं आहे, आणि कशामुळे कळलं तेही त्याने लिहिलेलं आहे. गुण त्या ‘कशामुळे’साठी द्यावेत.